मरळ निघाली की स्पिनरबेटची तार बघा

दोन-तीन किलोची मरळ ओढली की पुढच्या फेकीला स्पिनरबेट (वाकड्या तारेला खाली गळ, वर फिरतं पातं असलेलं नकली आमिष) आडवं पळतं, गवतात गुंततं. नवं घेऊ नका, तार वाकलेली असते.

गळ खाली, पातं वर, असं नाकासमोर धरा. वरची तार गळाच्या सरळ रेषेत नसेल तर बोटानं हळूच वळवा. पक्कड नको, तिनं तार तुटते. काठालगत ओढून पाहा, उभं चाललं की झालं.

मामा (माजी मालगुजारी) तलावात कमळपानांच्या पलीकडं फेका. पाण्याला टेकायच्या आत बोटानं दोरी अडवा, धपकन पडू देऊ नका. मग पात्याची थरथर हाताला लागेल इतकंच सावकाश गुंडाळा.

पावसाळ्यात पिल्लांचा लालसर घोळका दिसला तर तिथं टाकू नका, खाली आईबाप राखणीला असतात.