‘विझार्ड ऑफ ऑझ’ घरी लावताय? आधी ते दार उघडून बघा

‘द विझार्ड ऑफ ऑझ’ची गंमत अशी, की टीव्हीच्या रंगात बिघाड असला तरी पहिली वीसेक मिनिटं कुणाला पत्ताच लागत नाही. १९३९चा हा संगीतपट कॅन्ससच्या शेतावर सुरू होतो आणि तो सगळा भाग तपकिरी छटेत आहे. वायर चुकीच्या जागी खोचलेली असो की टीव्हीचा रंग शून्यावर गेलेला असो, घरातली मंडळी ‘जुना पिक्चर आहे, असाच असणार’ म्हणून बघत राहतात. मग गोष्टीतली मुलगी डोरोथी दार उघडते. पलीकडे ऑझची रंगीत दुनिया दिसायला हवी, तर तिथेही राखाडीच. तेवढ्यात पोरं उठून ओट्यावर पळालेली असतात.

म्हणून मेच्या सुट्टीत घरात भाचरं-पुतणी जमली की सगळ्यांना बसवायच्या अर्धा तास आधी एकट्याने डिस्क लावा आणि थेट त्या दाराच्या प्रसंगावर जा. टीव्ही जुळवायला याच्याइतका चांगला प्रसंग सापडणार नाही, कारण तपकिरी खोली आणि दाराबाहेरचे रंग एकाच चौकटीत आहेत. तो शॉट रंगीत फिल्मवरच घेतला होता. खोलीचा आतला भाग तपकिरी रंगवला होता आणि दार उघडणारी पाठमोरी मुलगी म्हणजे डोरोथी झालेली ज्यूडी गार्लंड नाही, तपकिरी कपडे घातलेली तिची बदली कलाकार आहे. तिथे पॉज करा.

खोली राखाडी-निळसर दिसत असेल तर रंगाचं तापमान ‘कूल’वर आहे, ते ‘वॉर्म’ करा. खोली नारिंगी दिसत असेल तर पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ असणार. तो ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ करा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. मग थोडं पुढे जाऊन डोरोथीच्या लाल बुटांवर थांबा. मूळ पुस्तकात हे बूट चांदीचे आहेत, टेक्निकलर या रंगीत फिल्मच्या पद्धतीत उठून दिसावेत म्हणून सिनेमात लाल केले. त्यांच्यावरच्या टिकल्या सुट्या-सुट्या दिसायला हव्यात. नुसता लाल गोळा दिसत असेल तर ‘कलर’ पाच-पाच अंकांनी खाली आणा. शार्पनेस शून्यावर किंवा शून्याच्या जवळ ठेवा. जास्त ठेवला तर बुजगावण्याच्या कपड्यातून बाहेर आलेल्या गवताभोवती पांढरी कड दिसते. ती टीव्हीने काढलेली असते, सिनेमात नाही.

दारापलीकडेही रंग आलाच नाही, तर आधी वायर बघा. जुना डीव्हीडी प्लेअर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडलेला असेल तर पिवळी पिन बहुतेक वेळा हिरव्या सॉकेटमध्ये असते. बऱ्याच टीव्हींना वेगळं पिवळं सॉकेट नसतं, हिरवंच दोन्ही कामं करतं. अशा वेळी इनपुट ‘कंपोनंट’ न निवडता ‘एव्ही’ निवडायचा. ‘कंपोनंट’वर चित्र येतं, पण काळं-पांढरं. नव्या टीव्हीत हेडफोनसारखं एकच बारीक भोक असेल तर टीव्हीच्या खोक्यात आलेलीच जोडवायर वापरा. बाजारात मिळणाऱ्या वायरीत आतली जोडणी कंपनीनुसार बदलते, मग स्पीकरमधून नुसती घरघर ऐकू येते. तरीही रंग नसेल तर प्लेअरच्या सेटअपमधली टीव्ही सिस्टीम ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’ करा. जुन्या व्हीसीआर कॅसेटवर कॅन्ससचा भाग तपकिरी नसेल तर मात्र टीव्हीला दोष देऊ नका. टीव्हीवर आणि अनेक जुन्या प्रतींत कॅन्ससचा भाग साधा काळा-पांढराच दाखवला जात असे, तपकिरी छटा १९८९च्या आवृत्तीपासून परत आली.

आता चित्राचा आकार. सिनेमा जवळपास चौकोनी आहे, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. घरातलं कुणीतरी ‘स्क्रीन भरून दाखव ना’ म्हणतं आणि रिमोटवर ‘झूम’ दाबलं जातं. त्याने डोकी आणि पाय कापले जातात, आणि नाचाच्या सिनेमात पाय कापले तर उरलं काय? ‘१६:९’ करून ताणलं तर सगळे जाडे दिसतात. पडताळा घ्यायला कॅन्ससच्या भागातल्या भविष्य सांगणाऱ्या प्रोफेसर मार्व्हलच्या गाडीतला काचेचा गोळा बघा, तो गोल दिसला पाहिजे. इथे एक मेख आहे. डीव्हीडी असेल तर टीव्हीवर ‘४:३’ निवडावं लागतं. ब्लू-रेच्या चित्रात काळ्या पट्ट्या आधीपासूनच असतात, म्हणून तिथे टीव्ही ‘१६:९’वरच ठेवायचा, नाहीतर माणसं काडीसारखी दिसतील.

हालचाल गुळगुळीत करणारं जे काही सेटिंग टीव्हीत असेल (नावात बहुतेक ‘मोशन’ किंवा ‘स्मूथ’ असतं) ते बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा आहे. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने भरतो आणि पिवळ्या विटांच्या रस्त्यावरचा नाच मालिकेच्या शूटिंगसारखा दिसायला लागतो.

डिस्क विकत घेताना मागच्या बाजूचा वेळ वाचा. सिनेमा १०२ मिनिटांचा आहे. पाल पद्धतीच्या (आपल्याकडच्या जुन्या टीव्हींच्या पद्धतीच्या) डीव्हीडीवर तो सेकंदाला २५ चौकटींनी पळतो आणि ९८ मिनिटांत संपतो. संवादांत हे जाणवत नाही, पण वेगाबरोबर सूरही चढतो: पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या वाटेवर पाऊणभर जाऊन बसतं. पेटीवर साथ करायचा बेत असेल तर ब्लू-रेच घ्या. २००९ची ब्लू-रे आणि २०१९ची फोर-के डिस्क, दोन्हींत वेग मूळचाच आहे. फोर-के डिस्क साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालत नाही, आणि ब्लू-रे डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी डिस्क आणली असेल तर विभागाचं कुलूप आडवं येतं, म्हणजे एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही: डीव्हीडीसाठी आपला विभाग ५ आणि त्यांचा १, ब्लू-रेला आपला सी आणि त्यांचा ए. फोर-के डिस्कला असं कुलूप नसतं. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण पाचच वेळा. पाचव्यांदा बदललात की तोच कायमचा.

आवाजाच्या मेनूत मूळ मोनो (एकाच स्पीकरपुरता) ट्रॅक असेल तर तोच निवडा. सहा स्पीकरसाठी बनवलेला ५.१ ट्रॅक दोन स्पीकरच्या टीव्हीवर लावला की गाण्याचे शब्द वाद्यांखाली दबतात, आणि मग आवाज वाढवा-कमी करा हेच चालू राहतं. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. लहानांना गोष्ट आधी तोंडी सांगा: वावटळीत घरासकट उडालेली मुलगी, तिचा कुत्रा टोटो, मेंदू हवा असलेलं बुजगावणं, हृदय हवं असलेला पत्र्याचा माणूस आणि भित्रा सिंह. अहिराणीत सांगितलीत तर आजीही रंगात येतात, आणि मधेमधे ‘आते काय व्हई?’ हा प्रश्न निम्माच येतो. वैशाखातली वावटळ खान्देशातल्या पोरांना नवी नाही. पडद्यावरची कापडाची आहे, मलमलीची सुमारे ३५ फुटी नळी फिरवून केलेली, हे आधी सांगितलं तर ती जास्तच डोळे लावून बघतात. उडणाऱ्या माकडांना मात्र पाचाखालची मुलं घाबरतात, त्या वेळी जवळ बसा. सिनेमाला मध्यंतर नाही. अर्धा सिनेमा उलटल्यावर पाचूनगरीच्या दाराशी पोचतात तिथे थांबा, शेवभाजीचं पान तेव्हाच वाढा.

लाइट जाणार हे धरूनच चाला. प्लेअर आणि टीव्ही दोन्ही इन्व्हर्टरच्या प्लगवर हवेत. एकच असेल तर उपयोग नाही. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असं बटण असतं. ‘इको’वर बदल सावकाश होतो, प्लेअर बंद पडून डिस्क पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि ब्लू-रेत अनेकदा ‘पुढे चालू’ची सोय चालत नाही. तेव्हा ‘यूपीएस’ ठेवा. गावाकडे व्होल्टेज फार पडत असेल तर ‘यूपीएस’वर इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जाईल, म्हणून त्या दिवशी बॅटरी भरलेली ठेवा. १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर टीव्ही आणि प्लेअर सिनेमाभर सहज चालतात, फक्त त्याच लाइनवरचा कूलर बंद ठेवा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर स्पीकरमध्ये गुणगुण येईल. ती सहन करण्यावाचून गत्यंतर नाही.

गच्चीवर प्रोजेक्टर लावणार असाल तर पावणेआठच्या आधी सुरू करू नका, मेमध्ये तोवर आकाशात उजेड असतो. चौकोनी चित्र सहा फूट रुंद हवं असेल तर प्रोजेक्टर पूर्ण आठ फुटांसाठी लावावा लागतो, कारण बाजूच्या पट्ट्याही तोच टाकतो. १.५ थ्रोच्या (चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागणाऱ्या) प्रोजेक्टरला मग भिंतीपासून बारा फूट अंतर लागतं. चुन्याची पांढरी भिंत चादरीपेक्षा बरी. चादरच लावायची तर खालच्या काठात बांबू घाला, संध्याकाळचा वारा तिला शीड करतो. जाळीवर धूळ असेल तर उकाड्यात प्रोजेक्टर मधेच बंद पडतो. आदल्या दिवशी जाळी झटका आणि मागे वीतभर जागा मोकळी सोडा.

डिस्क अडखळली तर मऊ सुती कापड पाण्याने ओलं करून मधून बाहेर सरळ पुसा, गोल नको. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि वाचणारा किरण सलग बराच वेळ आंधळा होतो. टूथपेस्टचा घरगुती उपाय करू नका. सिनेमा संपल्यावर डिस्क प्लेअरमध्ये विसरू नका, आणि पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको: भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांत ती वाकते, आणि वाकलेली डिस्क पुन्हा सरळ होत नाही. डबीत घालून पुस्तकासारखी उभी, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा.