जॅकेटचा गोलाईतला कट खिसा: या चुका टाळा

सरळ बोन पॉकेट (कापड कापून तोंडाला दोन बारीक पट्ट्या लावलेला खिसा) हातात बसला की बरेच जण थेट गोलाईच्या खिशाला हात घालतात, वेस्टर्न, म्हणजे काउबॉय पद्धतीच्या जॅकेटवर छातीशी हसऱ्या ओठांसारखा असतो ना, तो. आणि पहिलाच खिसा तोंड उघडून बसतो. मग मशीन बदला, सुई बदला सुरू होतं, पण खरी गडबड तोंडाच्या वर-खाली लागणाऱ्या पट्टीत असते.

पट्टी उभ्या धाग्यात कापलीत तर ती वळणारच नाही, उरेपच कापायची, म्हणजे क्रॉसमध्ये, ४५ अंशात. पण तेवढ्याने भागत नाही हे मला वुलनचे दोन पुढचे भाग वाया गेल्यावर कळलं. खालची पट्टी टीप मारून उलटली की तिची घडी गोलाईच्या आतल्या बाजूला येते, तिथे जागा कमी असते, म्हणून ती घडी टिपेपेक्षा आखूड हवी. वरच्या पट्टीचं बरोबर उलटं, तिची घडी लांब हवी. म्हणून पुठ्ठ्यावर गोलाई कापून घ्या आणि मशीनवर बसायच्या आधीच वाफेच्या इस्त्रीने खालची घडी आक्रसून आणि वरची ताणून त्या आकारात बसवा. टीप मारताना खालच्या पट्टीची घडी थोडी उभी राहते, राहू दे, आपण तिला सपाट करायला खेचतो आणि तिथेच तोंड वासतं!! वुलन छान आक्रसतं, सुती तेवढं नाही, म्हणून सुतीला तयार पट्टीची रुंदी ५ ऐवजी ४ मिमीच ठेवा.

दोन्ही बाजूंचे खिसे वेगवेगळे आखू नका, तोच पुठ्ठा उलटा करून मार्किंग करा. कापडाच्या मागे पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावा, खिशाच्या चारी बाजूंना दोन-अडीच सेंटिमीटर पुढे जाईल एवढं. टाका २ मिमीचा, टोकाला अजून बारीक, आणि वळताना सुई कापडात ठेवून मशीनचा पाय उचला.

कात्री लावताना सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागतो. दोन टिपांच्या मधून कापत जाऊन टोकाच्या १ सेंटिमीटर आधी थांबून तिथून दोन्ही टिपांच्या शेवटच्या टाक्यापर्यंत तिरकं कापायचं, फक्त एक धागा सोडून. कमी कापलं तर कोपऱ्यात चुणी पडते, जास्त गेलं तर भोक. खालच्या बाजूच्या शिलाईच्या दाबालाही, म्हणजे टिपेबाहेर उरलेल्या कापडाला, बारीक कट द्या, नाहीतर तो उलटून पसरत नाही आणि बाहेरून गाठीगाठी दिसतात.

भोक पडलंच तर घाबरू नका, मागून फ्युजिंगचा तुकडा लावा आणि वर जाड दोऱ्याने छोटा बाण भरा, वेस्टर्न कपड्यांवर या खिशांच्या टोकांना तसे बाण असतातच, कोपऱ्याला मजबुती येते. फक्त मग चारही टोकांना भरा.

इस्त्री करताना खिसा गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवा, सपाट टेबलावर गोलाई चेपते. खिशाचं तोंड तिरक्या कच्च्या टाक्यांनी बंद ठेवा आणि अस्तर लागून शेवटची इस्त्री होईपर्यंत तो धागा काढू नका, कितीही हात शिवशिवले तरी.