थानोसमध्ये मेटाडेटाचा कॅशे कसा लावावा

सिस्टिमवर देखरेख करणारा प्रोमिथियस दर 2 तासांच्या मेट्रिक्सचा (मोजमापांचा) एक ब्लॉक बांधतो. ती मोजमापं दीर्घकाळ जपणाऱ्या थानोसचा साइडकार (प्रोमिथियसशेजारी चालणारा प्रोग्राम) तो ब्लॉक एस3सारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये चढवतो. पुढे कोणी मागच्या महिन्याचा आलेख उघडला, की थानोसचाच स्टोअर गेटवे हा भाग तिथून वाचतो. पण आकड्यांपर्यंत पोहोचण्याआधी त्याला बरीच चौकशी करावी लागते: ब्लॉक कोणते, त्यांत कोणता काळ, एखादं लेबल (मोजमापाला लावलेलं नाव) कोणकोणत्या सिरीजवर (एकाच मोजमापाच्या काळानुसार नोंदींवर) आहे. डॅशबोर्ड रिफ्रेश झाला की तीच चौकशी पुन्हा. त्यात वेळ जातो आणि स्टोरेजच्या बिलात रिक्वेस्टचे पैसेही वाढतात. म्हणून ही चौकशीची उत्तरं, म्हणजे मेटाडेटा, कॅशेत (जवळच्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवायची.

आधी स्टोअर गेटवेला कायमस्वरूपी डिस्क द्या. प्रत्येक ब्लॉकच्या इंडेक्समधला (शोधसूचीतला) छोटा, सतत लागणारा भाग तो डिस्कवर ठेवतो. रीस्टार्टमध्ये डिस्क पुसली गेली तर ते सगळं पुन्हा उभारावं लागतं. हे काम कमी खर्चाचं आहे, म्हणून पहिलं.

मग इंडेक्स कॅशे, म्हणजे इंडेक्समधून शोधलेल्या उत्तरांचा साठा. काही न सांगता तो प्रोसेसच्या मेमरीत 250 एमबी घेतो. गेटवे एकच असेल तर तेवढ्यावर सुरुवात करा. एकाहून जास्त असतील तर मेमकॅश्ड किंवा रेडिस हा सामायिक कॅशे सर्व्हर लावा, म्हणजे एकानं आणलेलं उत्तर दुसऱ्यालाही मिळतं. मेमकॅश्डमध्ये एका नोंदीची मर्यादा मुळात 1 एमबी असते. मोठ्या नोंदी साठवायच्या असतील तर ती मर्यादा मेमकॅश्ड आणि थानोस दोन्हीकडे वाढवा.

आता बकेट कॅशे, म्हणजे ऑब्जेक्ट स्टोरेजकडून आलेल्या उत्तरांचा साठा, चालू करा. खरा विचार इथे लागतो, कारण प्रत्येक उत्तराचं आयुष्य वेगळं असतं. तयार झालेला ब्लॉक बदलत नाही, म्हणून त्याच्या मेटा फाइलचा (ब्लॉकची माहिती देणाऱ्या फाइलचा) मजकूर 24 तास ठेवला तरी चालतो. ब्लॉकची यादी मात्र बदलत राहते. ती 5 मिनिटंच ठेवतात. ‘फाइल आहे’ हे उत्तर 2 तास, पण ‘फाइल नाही’ हे फक्त 15 मिनिटं. हे सगळे थानोसचेच ठरलेले आकडे आहेत आणि त्यातला शेवटचा सर्वात नाजूक. ब्लॉक काढायचा असेल तर कॉम्पॅक्टर (ब्लॉक एकत्र करणारा थानोसचा भाग) त्याच्याशेजारी ‘काढायचा आहे’ अशी खुणेची फाइल ठेवतो आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये 48 तासांनी ब्लॉक पुसतो. गेटवेच्या कॅशेत अजून ‘खूण नाही’ असंच असेल, तर पुसलेला ब्लॉक वाचायला तो जाईल आणि क्वेरी पडेल. 48 तासांपुढे 15 मिनिटं काहीच नाहीत. पण जागा वाचवायला ते 48 तास कमी करणार असाल, तर कॅशेचे आकडे आधी बघा.

शेवटी मोजा. इंडेक्स कॅशेच्या हिट्सना एकूण विनंत्यांनी भागा, आणि पोस्टिंग्ज (लेबलवरून मिळणारी सिरीजची यादी) व सिरीज यांचं प्रमाण वेगवेगळं काढा. एकाचं चांगलं प्रमाण दुसऱ्याचं वाईट प्रमाण झाकतं. नोंदी भराभर बाहेर फेकल्या जात असतील तर मेमरी वाढवा. नोंदींचं आयुष्य वाढवून तिथे उपयोग नाही.