ट्रेडिंग सॉफ्टवेअर लिहिताना या चुका टाळा

जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा भाव म्हटलं की तो दहा ग्रॅमचाच. हीच सवय कोडमध्ये उतरली की हिशेब फसतो. एमसीएक्सवर, म्हणजे मल्टी कमोडिटी एक्स्चेंज या वायदे बाजारात, गोल्ड (1 किलो) आणि गोल्ड मिनी (100 ग्रॅम) यांचा भाव 10 ग्रॅमचा असतो, पण गिनीचा 8 ग्रॅमचा आणि पेटलचा 1 ग्रॅमचा. म्हणजे भाव 1 रुपयाने हलला की मोठ्या लॉटला (लॉट म्हणजे सौद्याचं ठरलेलं माप) 100 रुपये, मिनीला 10 रुपये आणि गिनी-पेटलला 1 रुपयाचा फरक. 'भाव गुणिले ग्रॅम' हे सूत्र सरसकट लावलं, तर मिनीचा तोटा दहापट दिसतो आणि प्रोग्राम भलत्याच वेळी सौदा कापतो. प्रत्येक कराराचा गुणक (भाव 1 रुपयाने हलला की एका लॉटला पडणारा फरक) वेगळा साठवा. ब्रोकरच्या फाइलमधला लॉट साइजचा रकाना म्हणजेच गुणक, असं धरून चालू नका. एका लॉटचा हिशेब कागदावर मांडून ताडून बघा.

पैसे दशांशात (फ्लोटमध्ये) ठेवू नका. समजा ऑप्शनचा प्रीमियम (म्हणजे त्याचा भाव) 4.35 रुपये आहे; पायथनमध्ये त्याला 100 ने गुणून इंट (पूर्णांक) केलं की उत्तर 434 येतं, 435 नाही. टिक (भाव हलण्याची किमान पायरी) 5 पैशांचा असेल तर ही ऑर्डर नाकारली जाते. राउंड वापरा किंवा सुरुवातीपासून पैशांतच पूर्णांक ठेवा.

सगळ्यात महागात पडते ती दुबार ऑर्डर. वीज जाते, इन्व्हर्टरवर येताना राउटर क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि नेमकी त्याच वेळी ऑर्डर गेलेली असते. उत्तर आलं नाही म्हणजे ऑर्डर पोचली नाही, असं नव्हे. प्रोग्रामने तीच पुन्हा पाठवली की एकाऐवजी दोन लॉट अंगावर. त्यासाठी पाठवण्याआधी ऑर्डरला स्वतःचा वेगळा टॅग द्या आणि तो आधी डेटाबेसमध्ये लिहा. जोडणी परत आली की प्रथम ऑर्डर बुक (ब्रोकरकडची आपल्या ऑर्डरांची यादी) मागवून त्यात तो टॅग शोधा. सापडला तर तिथली स्थिती खरी धरा. नाही सापडला तर दोन-तीन सेकंदांनी पुन्हा बघा, मगच नव्याने पाठवा. 5 पैकी 3 लॉटच मिळाले असतील, तर स्टॉपलॉसही (तोटा हद्दीबाहेर गेला की सौदा बंद करणारी ऑर्डर) 3 चाच हवा. ब्रोकरकडची पोझिशन (हातात असलेले उघडे सौदे) आणि आपली नोंद जुळत नसेल, तर नवे सौदे थांबवा. हे सगळं तपासायला ऑर्डर सुटताक्षणी नेटची केबल उपसून बघा. खरी ऑर्डर न पाठवता केलेल्या चाचणीत हा दोष दिसतच नाही. राउटरला छोटा यूपीएस लावाच.

कधी वेबसॉकेट (भाव सतत आणणारी जोडणी) जोडलेलं दिसतं, पण भाव गोठलेले असतात. शेवटच्या टिकची (इथे टिक म्हणजे आलेला नवा भाव) वेळ तपासत राहा, तीही भरपूर सौदे होणाऱ्या करारावर; पेटलसारख्या करारात टिकच उशिरा येऊ शकतो.

एमसीएक्सवर सोन्याचे सौदे रात्री 11:30 ला संपतात, पण अमेरिकेत हिवाळी वेळ असताना 11:55 ला. ही वेळ कोडमध्ये पक्की लिहिली, तर नोव्हेंबर ते मार्च रोज शेवटची 25 मिनिटं उघडी पोझिशन कोणी बघत नाही.