आयटीत पहिली नोकरी: कोर्सची फी भरण्याआधी हे करा

"आयटीत जायचंय, कुठला कोर्स करू?" हा प्रश्न कानावर आला की मी उलट विचारतो, किती जाहिराती वाचल्या? बहुतेकांनी एकही वाचलेली नसते.

१. २० जाहिराती वाचा
एकाच कामासाठीच्या, नवख्यांना घेणाऱ्या २० जाहिराती काढा. त्यात मागितलेलं प्रत्येक कौशल्य वहीत लिहा आणि ते पुन्हा दिसलं की समोर एक रेघ मारा. थोड्याच वेळात तीच नावं फिरून येऊ लागतात. डेटा अ‍ॅनालिस्टला एसक्यूएल (डेटाबेसमधून, म्हणजे माहितीच्या साठ्यातून, हवं ते काढायची भाषा) आणि एक्सेल, टेक सपोर्टला विंडोज, नेटवर्किंगची तोंडओळख आणि चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलता येणं. ज्याच्यासमोर एखादीच रेघ आहे, ते सध्या सोडून द्या. निम्म्याहून जास्त गोष्टी येत असतील तर अर्ज करा. यादीतलं सगळं येणारा माणूस नवख्याच्या पगारावर कशाला येईल?

२. दिवस कसा जातो ते बघा
डेव्हलपरचा बराच वेळ दुसऱ्याने लिहिलेला कोड समजून घेण्यात जातो. टेस्टरला चाललेली गोष्ट कुठे मोडते हे शोधायची खोड लागते. सर्व्हर आणि क्लाऊड सांभाळणाऱ्यांना रात्री-अपरात्री फोन येतात. सपोर्ट आणि टेस्टिंगला नाकं मुरडू नका, आत शिरायची ती चांगली दारं आहेत.

३. पदवी आणि प्रमाणपत्रं
कॉम्प्युटर सायन्सची पदवी असली तर चाळणीत नाव टिकतं, आणि परदेशी कामाचा व्हिसा देताना अनेक देश पदवी बघतात. एआयच्या संशोधनात जायचं तर पदव्युत्तर शिक्षण जवळपास लागतंच. बाकी कामांत दुसऱ्या शाखेचे लोकही असतात. मात्र डेटा स्ट्रक्चर (प्रोग्राममध्ये माहिती रचून ठेवायच्या पद्धती), ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क यांचा पाया त्यांना स्वतः भरून काढावा लागतो.

नेटवर्कसाठी सिस्कोचं सीसीएनए, सपोर्टसाठी कॉम्पटियाचं ए प्लस आणि सुरक्षेसाठी त्यांचंच सिक्युरिटी प्लस ही ओळखीची प्रमाणपत्रं. तिन्हींची मुदत ३ वर्षांची, म्हणून नोकरी शोधायच्या सुमाराला परीक्षा द्या. टेस्टिंगमध्ये आयएसटीक्यूबीची फाउंडेशन परीक्षा चालते. डेव्हलपरच्या बाबतीत प्रमाणपत्रापेक्षा कोड बोलतो.

४. एकच प्रोजेक्ट, पण खोल
यूट्यूब बघून केलेली पाच अ‍ॅप्स मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडी पडतात. त्यापेक्षा एक साधं तिकीट बुकिंग करा आणि स्वतःला विचारा: शेवटची एक सीट उरली आहे आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर? दोघांच्याही प्रोग्रामला सीट रिकामी दिसते आणि ती दोघांना विकली जाते. ब्राउझरच्या दोन खिडक्या उघडून हा घोळ मुद्दाम घडवून आणायचा प्रयत्न करा. चटकन नाही घडला, तर सीट तपासणं आणि विकणं यांच्या मध्ये काही सेकंदांचा विलंब टाका. मग डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन (अनेक पायऱ्या एकत्र, पूर्ण झाल्या तर सगळ्या, नाहीतर एकही नाही) आणि लॉक (एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणं) वापरून तो दुरुस्त करा. हे करताना जे शिकाल ते मुलाखतीत कागदावर काढून दाखवता येतं. प्रत्येक बदल गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, नोंदवा, म्हणजे तुम्ही कुठे अडलात आणि कसे सुटलात हेही दिसतं.

५. संधींचा हिशेब
नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. त्यानंतर साधा, साचेबद्ध कोड मशीनकडून लिहून घेणं सोपं झालं. नवख्यांच्या वाट्याला यायची ती हीच कामं, म्हणून पहिली पायरी उंच झाली आहे असं माझं मत. एआय जरूर वापरा, पण त्याने दिलेली प्रत्येक ओळ समजावून सांगता आली पाहिजे. आणि फक्त सॉफ्टवेअर कंपन्यांकडेच बघत बसू नका. बँका, हॉस्पिटलं, विमा कंपन्या, कारखाने यांनाही आयटीची माणसं लागतात, आणि तिथे त्या धंद्याची माहिती असलेल्या उमेदवाराचं पारडं जड असतं.

अर्ज पाठवण्याआधी रेझ्युमेतली प्रोजेक्टची लिंक दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा. अनेकदा रिपॉझिटरी (कोड ठेवलेली ऑनलाइन जागा) प्रायव्हेटच राहिलेली असते आणि समोरच्याला ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' असा संदेश, दिसतो.