शुगर असणाऱ्यांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो कुठं काढायचा, कुणाला दाखवायचा (सांगली-मिरजेकडच्यांसाठी)

घरात कुणाला शुगर असेल तर हे आधी वाचा. आपल्याकडं डोळे तपासले म्हणजे काय, तर चष्म्याच्या दुकानात नंबर काढला नाहीतर गावात मोतीबिंदूचं शिबिर लागलं तिथं जाऊन आलो. या दोन्हीत मागचा पडदा, म्हणजे रेटिना, बघितलाच जाईल असं काही नाही. आणि शुगरवाल्याचा पडदा बिघडायला लागतो तेव्हा नजर चक्क सहा बाय सहा, म्हणजे एकदम नॉर्मल, असू शकते, दुखत नाही खुपत नाही, त्यामुळं मामा म्हणतात मला पेपर वाचता येतोय की, कशाला मिरजेला हेलपाटा.

तर टाइप टू शुगर निघाली की लगेच पहिली तपासणी आणि मग दरवर्षी, टाइप वन असेल तर शुगर निघाल्यापासून पाच वर्षांच्या आत पहिली, आणि आधीपासून शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच.

जायचं कुणाकडं? मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, अडचण उलटी आहे, पाट्या एवढ्या की कळत नाही. डोळ्याचे सगळे डॉक्टर पडद्याचं काम करत नाहीत, एमएस किंवा डीएनबी झाल्यावर व्हिट्रिओ-रेटिनाची वेगळी फेलोशिप करतात ते यातले तज्ज्ञ. फोनवर सरळ विचारायचं, रेटिनाचे डॉक्टर आहेत का, कोणत्या वारी असतात, ओसीटी (पडद्याचं स्कॅन, खाली सांगतो) तिथंच होते का बाहेर पाठवता. बऱ्याच ठिकाणी ते ठराविक वारीच येतात, म्हणजे जतवरून किंवा आटपाडीवरून एसटीनं येणार असाल तर हा एक फोन अख्खा दिवस वाचवतो. पैशाची ओढाताण असेल तर मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजला डोळ्यांचा विभाग आहे, तिथं आधी केस पेपर काढा, कोणतं मशीन चालू आहे ते खिडकीवरच विचारून घ्या.

जाताना शुगरचे जुने रिपोर्ट, खासकरून एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि एक धडधाकट माणूस सोबत. बाहुली मोठी करायला थेंब घालतात, अर्धा-पाऊण तास बसावं लागतं आणि नंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात. गाडी स्वतः चालवत जाऊ नका राव, विश्रामबागच्या चौकात कळेल मग. गॉगल नाहीतर निदान टोपी तरी ठेवा.

आता तपासण्या. साधा फंडस फोटो म्हणजे पडद्याचा रंगीत फोटो, रक्ताचे ठिपके, पिवळे डाग त्यात दिसतात, फार कटकट नाही. ओसीटीमध्ये उजेड टाकून पडद्याचा उभा काप दिसतो, डोळ्याला काही लागत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. हे तंत्र 1991 ला अमेरिकेत एमआयटीच्या डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो, एरिक स्वान्सन आणि मंडळींनी जगापुढं मांडलं, या तिघांना 2023 ला लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा पुरस्कारही मिळाला, आणि आज पडद्याला सूज किती आहे हे ठरवायला डॉक्टर सगळ्यात आधी हेच मागतात. तिसरी एफएफए, हातातल्या शिरेत फ्लोरेसिनचं इंजेक्शन देऊन भराभर फोटो काढतात, कुठल्या रक्तवाहिन्या गळतायत ते कळतं. हिची धास्ती लोकांना जास्त. काहींना मळमळ होते, कातडी दिवसभर पिवळट दिसते, लघवी गडद पिवळी-नारंगी होते, कावीळ नव्हे ती. पण आधी कधी औषधाची ॲलर्जी आलेली असेल, दमा असेल, किडनीचा त्रास असेल, गरोदरपण असेल तर सुई टोचायच्या आधी सांगायचं, विचारायची वाट बघत बसू नका.

रिपोर्ट हातात आला की काय बघायचं, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण घोळ इथंच होतो. ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. नाव आणि तारीख बरोबर आहे का बघा. काही मशीनच्या कागदावर सिग्नल स्ट्रेंग्थ दहापैकी लिहिलेली असते, ती सहाच्या खाली असेल तर फोटोच नीट आलेला नाही, मोतीबिंदू दाट असला किंवा डोळा कोरडा पडला, हलला की असं होतं, अशा कागदावरून फार अर्थ काढू नये. मग मधोमध पडद्याच्या जाडीचा आकडा असतो मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. तो मागच्या वेळेपेक्षा वाढला की घटला हे महत्त्वाचं, नुसता एक आकडा घेऊन नेटवर शोधत बसण्यात अर्थ नाही. आणि त्यातही गंमत अशी की एकाच डोळ्याचा आकडा दोन कंपन्यांच्या मशीनवर वेगवेगळा येतो, कारण पडद्याची खालची हद्द कुठं धरायची हे प्रत्येक मशीन आपापलं ठरवतं. म्हणून जमेल तितकं त्याच मशीनवर करा, आणि दवाखाना बदलावाच लागला तर जुने मूळ फोटो घेऊन जा. मूळ फोटो म्हणजे पेन ड्राइव्हवर फाइल, झेरॉक्स नाही, कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो तर अजिबात नाही. व्हॉट्सॲपवर मागितलात तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणायचं, नाहीतर बारीक ठिपके दबून जातात. मागायला लाजू नका, तपासणीचे पैसे तुम्हीच भरलेत.

हल्ली कॅम्पमध्ये फोटो काढून एआयवर रिपोर्ट देतात. यात खोटं काही नाही, 2016 ला गुगलच्या टीमनं जे काम छापलं त्यात मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालय या डोळ्यांच्या दवाखान्यांतले फोटो होते, 2018 ला अमेरिकेत डॉक्टरशिवाय निकाल देणाऱ्या सिस्टिमला परवानगीही मिळाली. पण अशी सिस्टिम ज्यासाठी शिकवली तेवढंच बघते, शुगरच्या खराबीसाठीची असेल तर काचबिंदूचं तिला विचारू नका. नॉर्मल आलं तर एक वर्षानं परत, खराब आलं तर त्याच आठवड्यात रेटिनावाल्याकडं.

डोळ्यासमोर अचानक विजेसारखं चमकलं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं झालं तर हे सगळं वाचत बसू नका, त्याच दिवशी निघा. उद्या बाजार आहे, ऊसतोड चालू आहे, असली कारणं नकोत.

आणि ज्यांच्या घरात बाळ लवकर जन्मलंय, 34 आठवड्यांच्या आत किंवा वजन दोन किलोच्या खाली, त्याचाही पडदा जन्मल्यापासून तीस दिवसांच्या आत बघून घ्यायचा असतो, फारच लहान बाळ असेल तर त्याहून आधी. एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहिलीय का बघा, नसेल तर घरी न्यायच्या आधीच लिहून घ्या.