केस गळतायत? या चुका टाळा, आणि आधी तीन महिने मागे पाहा

केस गळायला लागले की मुंबईत पहिला आरोपी ठरलेला: पाणी. ‘इकडे राहायला आलो आणि केस गेले’ हे विरारपासून पनवेलपर्यंत कुठल्याही सोसायटीत ऐकायला मिळतं. मग नळाला फिल्टर बसतो, शाम्पू बदलतो, गावाहून माक्याचं तेल येतं. सगळा शोध गेल्या आठवड्यातल्या गोष्टींचा. खरं कारण मात्र पुष्कळदा दोन-तीन महिन्यांपूर्वीच घडून गेलेलं असतं.

डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग सुमारे तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा येतो. त्यामुळे रोज 50 ते 100 केस जाणं हिशेबातलंच आहे, आणि चार दिवसांनी डोकं धुतलं तर त्या दिवशी जास्त दिसणारच. पण जोराचा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा लग्नाआधीचं कडक डाएट असा दणका बसला की बरेच केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला असेल तर पुंजके हातात यायला लागतात ते दिवाळीच्या आसपास. अभ्यंगस्नानानंतर मोरीच्या जाळीवर गुंता दिसतो आणि खापर फुटतं नव्या तेलावर.

दणका एकदाच बसून गेला असेल तर ही गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप थांबते. म्हणजे त्या काळात जे काही लावाल ते ‘लागू पडलं’ असंच वाटणार. कांद्याचा रस असो की महागडा सीरम, शेजारणीच्या खात्रीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

आता पाण्याचं. गळलेला केस उजेडात धरा. टोकाला पांढरट, टाचणीच्या टोकाहून बारीक गाठ दिसली तर तो मुळाजवळून गळलाय. ती गाठ म्हणजे मूळ उपटून आलं असं नाही. मूळ त्वचेतच राहतं. गाठ नसेल आणि तुकडे लहानमोठे असतील तर केस मधेच तुटलाय. टँकरचं किंवा बोअरिंगचं जड, म्हणजे क्षारांचं पाणी, स्ट्रेटनिंग, ओल्या केसांत घातलेली फणी यांनी केस तुटतो, टक्कल पडत नाही. पालिकेचं पाणी तर भातसा-वैतरणेच्या तलावांचं, ते फारसं जड नसतंच. जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्यात शेगावजवळच्या गावांत लोकांना अचानक टक्कल पडू लागलं, तेव्हाही आधी पाण्यावरच संशय गेला होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. सेलेनियम किंवा व्हिटॅमिन ए प्रमाणाबाहेर गेलं तरी केस गळतात, म्हणून ‘केसांसाठी’ म्हणून मूठभर गोळ्या घेणं उलटं अंगाशी येऊ शकतं.

केसांच्या गोळ्यांत हमखास असणाऱ्या बायोटिन या व्हिटॅमिनचीही हीच तऱ्हा. त्याची कमतरता क्वचितच असते, आणि जास्त मात्रेत घेतलं तर थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. केस गळतात म्हणून थायरॉइड तपासायचा आणि केसांच्या गोळीनेच तो रिपोर्ट बिघडवायचा! तपासणीआधी ती गोळी किती दिवस बंद ठेवायची ते डॉक्टरांना विचारा. बायकांनी त्याबरोबर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) जरूर पाहावं, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये.

कोंडा असताना तेल थापणं ही मुंबईच्या दमट हवेतली खास चूक. कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते. खोबरेल केसाला जपतं, पण ते केसाच्या लांबीला लावा. टाळूला किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून. लावला आणि लगेच धुतला तर उपयोग नाही.

हळूहळू मागे सरकणारी कपाळाची रेषा, टाळूवर विरळ होत जाणारा मध्यभाग, बायकांत रुंदावणारा भांग हे प्रकरण वेगळं. ते आनुवंशिक असतं, आपोआप थांबत नाही, आणि इथे वाट पाहणं हीच चूक. यावर टाळूला लावायचं मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. अंगावर केस वाढतात हा त्याचा दुष्परिणाम लक्षात आला आणि 1988 मध्ये अमेरिकेत टाळूला लावायला मंजुरी मिळाली. लोक ते सोडतात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, कारण तेव्हा गळती वाढते. जुने केस नव्यांना जागा देत असतात, घाबरू नका. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की मिळवलेलं काही महिन्यांत जातं. ते कोरड्या टाळूला लावायचं, केसांना नव्हे. हात धुवा. घरात मांजर असेल तर फार जपा, तिच्यासाठी हे विष आहे. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना वापरू नये.

फिनास्टेराइड हे टकलावरचं दुसरं औषध केमिस्टकडून परस्पर आणू नका. पुरुषांत ते चांगलं काम करतं, पण काहींना लैंगिक तक्रारी होतात, प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीचा आकडा साधारण निम्मा दिसतो, आणि गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हातसुद्धा लावायचा नसतो.

हेअर ट्रान्सप्लांटमध्ये मागचे केस पुढे येतात, नवे तयार होत नाहीत. मागचा साठा मर्यादित असतो. बाविसाव्या वर्षी घाईने रेषा पुढे आणली आणि त्या रेषेमागचं टक्कल वाढत गेलं तर पुढे केसांचं एक बेट उरतं. पॅकेजच्या जाहिरातीपेक्षा सुरी कोण धरणार हे आधी विचारा.

चाई पडली असेल, म्हणजे नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा, किंवा टाळू लाल, दुखरी, पुळ्या आलेली असेल तर घरगुती उपाय एक दिवसही नको. काही आजारांत मूळच कायमचं मरतं. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. केसपेपरची रांग असते, सकाळी लवकर जा. डोक्याला तेल न लावता जा. चालू गोळ्यांची यादी, गेल्या चार महिन्यांतले आजार आणि दर महिन्याला एकाच दिव्याखाली काढलेले भांगाचे फोटो बरोबर ठेवा.